कंबरेचं दुखणं आणि दुखणं मारणारी गोळी

‘कंबर धरली बाई!’ हे वाक्य आज सकाळपासून तुमच्या कानावर कितीदा पडलं? सासूबाई म्हणाल्या असतील, भांडीवाली म्हणाली असेल, आणि कुणी ऐकत नाहीसं पाहून तुम्हीही म्हणाला असाल. बायकांच्या कंबरदुखीचं एक नवल आहे. तिची तक्रार सगळ्या करतात, दखल मात्र कुणीच घेत नाही. ‘बाईमाणसाची कंबर दुखायचीच’ असं म्हणून ती कोपऱ्यात ढकलली जाते. मग औषधाच्या दुकानातून गोळ्यांची एक पट्टी येते, फडताळात मसाल्याच्या डब्याशेजारी जाऊन बसते आणि हळूहळू मीठ-तिखटाइतकीच रोजची होऊन जाते.

मैत्रिणींनो, आज त्या पट्टीविषयीच बोलायचं आहे. गोळी वाईट, ती फेकून द्या, असं सांगायचं नाही. गोळीला तिची जागा आहे. पण ती जागा कोणती आणि किती, हे घरातल्या बाईला नीट ठाऊक हवं.

मुलचेऱ्याची कंबर

गोष्ट नीट कळावी म्हणून शहरापासून जरा लांब जाऊ. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी आणि अहेरीच्या मध्ये मुलचेरा नावाचा जंगलाने वेढलेला तालुका आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्यातलाच हा भाग. इथे गोंड-माडिया पाडे आहेत, मराठी बोलणारी गावं आहेत, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतीही आहेत. भाषा वेगवेगळ्या, पण बायांची कंबर एकाच कारणांनी दुखते.

वर्षाचं गणित मांडून पाहा. मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुलं वेचायची. फूल जमिनीवर पडलेलं असतं, म्हणजे एकेका फुलासाठी कंबरेत वाकणं आलं. मे महिन्यात तेंदूपत्ता. एका पुड्यात सत्तर पानं, आणि मजुरी शंभर पुड्यांच्या हिशेबाने. शंभर पुडे म्हणजे सात हजार पानं! ती तोडायची, डोक्यावरून घरी आणायची, मांडीवर घेऊन पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पाऊस पडला की धानाची रोवणी. चिखलात पोटरीभर पाण्यात उभं राहून, दिवसभर कंबरेत दुमडून पऱ्हे रोवायचे. मग निंदण, मग कापणी. याशिवाय बोअरिंगवरून पाण्याचे गुंड, जंगलातून सरपणाची मोळी आणि कडेवर लेकरू, हे बारमाही.

अशा बाईला ‘आराम करा’ म्हणून सांगणं म्हणजे उपाशी माणसाला ‘बदाम खा’ सांगण्यासारखं आहे. रोवणी आठ-पंधरा दिवसांत आटोपायची असते. एक दिवस घरी बसलं की एक दिवसाची मजुरी गेली. म्हणून ती सकाळी एक गोळी घेते आणि बांधीत उतरते. ‘गोळी घेतली का काम होते जी,’ असं ती म्हणते, आणि ते खोटं नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. रोवणी संपते, तरी गोळी संपत नाही.

तुम्ही पुण्यात असा, नागपुरात असा की अहेरीत. तुमच्याकडे चिखलाची बांधी नसेल. ओट्याशी उभं राहणं असेल, ऑफिसातली खुर्ची असेल, लोकलमधली धक्काबुक्की असेल. पण फडताळातली पट्टी तीच आहे.

ही गोळी करते तरी काय?

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, निमेसुलाइड ही सगळी एकाच कुळातली भावंडं. पाळीत पोटात दुखतं म्हणून आपण जी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेतो, तीही याच घरची. या कुळातली वडीलधारी म्हणजे ॲस्पिरिन. ती १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली. आयब्युप्रोफेन १९६० च्या दशकात आलं, डायक्लोफिनॅक १९७० च्या. या औषधांना सूज उतरवणारी वेदनाशामकं म्हणतात.

गंमत अशी की ॲस्पिरिन जगभर खाल्लं जात होतं, पण ते नेमकं कसं काम करतं हे सत्तर-एक वर्षं कुणाला ठाऊकच नव्हतं. १९७१ साली जॉन व्हेन या इंग्लिश शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. त्याबद्दल त्यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

त्यांनी दाखवलं ते थोडक्यात असं. शरीरात कुठे इजा झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. ती सूज आणतात, ठणका वाढवतात, ताप चढवतात. गोळी ही द्रव्यं तयार होऊ देत नाही, म्हणून ठणका कमी होतो. इथवर छान. पण हीच द्रव्यं शरीरात चांगली कामंही करत असतात. जठरातल्या आम्लापासून जठराचं अस्तर वाचवायचं आणि मूत्रपिंडाकडे रक्त पुरेसं वाहतं ठेवायचं, ही त्यांची कामं. गोळीला कंबर कुठली आणि पोट कुठलं, हे कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि सगळीकडे तेच करते. कंबरेचा ठणका थांबवताना पोटाचं अस्तर उघडं पाडते आणि मूत्रपिंडाचं पाणी तोडते.

मग कंबरेला गुण किती?

इथे मात्र मन जरा घट्ट करा. तीन महिन्यांहून जास्त काळ राहिलेल्या कंबरदुखीला जुनाट कंबरदुखी म्हणतात. अशा दुखण्यावर या गोळ्यांचे जे नीट प्रयोग झाले, त्यांतल्या तेरा प्रयोगांचा एकत्र आढावा २०१६ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. दुखणं शंभर गुणांच्या पट्टीवर मोजलं, तेव्हा दोन्ही गटांत फरक पडला तो सुमारे सात गुणांचा. शंभरातले सात! म्हणजे गुण येतो, नाही असं नाही. पण आपण समजतो तेवढा येत नाही. ठणका थोडा बोथट होतो, कंबर बरी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबाने २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त. या सूचनांमध्ये सूज उतरवणाऱ्या गोळ्यांना जागा आहे. पण ती व्यायाम, दुखण्याची नीट समज आणि मर्दन यांच्या जोडीला. कंबरेचे पट्टे, वजन लावून कंबर ताणणं आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं सरसकट वापरू नयेत, असंही त्यात सांगितलं आहे. थोडक्यात, गोळी घरी आलेल्या पाहुणीसारखी असावी. चार दिवस आली, हातभार लावून गेली. तिच्या हाती घराच्या किल्ल्या द्यायच्या नसतात.

गिधाडांनी सांगितलेली गोष्ट

आता एक वेगळीच हकिगत सांगते. वाचून वाटेल, कंबरदुखीच्या लेखात गिधाडं कुठून आली? पण गडचिरोलीच्या जंगलाशी तिचा जवळचा संबंध आहे.

जुन्या लोकांना आठवत असेल, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि बघता बघता हाडं तेवढी उरायची. १९९० च्या दशकापासून ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातली नव्याण्णवांहून जास्त नाहीशी झाली. कारण सापडलं २००४ साली. दुखणाऱ्या गाईबैलांना डायक्लोफिनॅकची सुई दिली जायची. ते जनावर मेलं की त्याच्या मांसातलं उरलंसुरलं औषध गिधाडाच्या पोटात जाई, त्याची मूत्रपिंडं बंद पडत आणि थोड्याच दिवसांत तो पक्षी मरे. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीचं इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतंच विकायचं असं ठरलं. गडचिरोलीच्या वनविभागाने उरलेल्या गिधाडांसाठी ‘गिधाड उपाहारगृहं’ काढली, म्हणजे औषधाचा अंश नसलेलं मांस ठेवण्याच्या जागा.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपल्या शरीरात हे औषध बरंच लवकर निकाली निघतं. पण ते दात कुठे रोवतं, हे त्या पक्ष्यांनी आपल्याला दाखवून दिलं. आणि एक साधी गोष्ट: घरच्या बैलाला तुमच्या पट्टीतली गोळी किंवा माणसाची सुई देऊ नका. जनावरांच्या डॉक्टरकडे मेलॉक्सिकॅम असतं; ते गिधाडांना सोसतं.

उन्हाळा, घाम आणि मूत्रपिंड

मूत्रपिंडाची गोष्ट बायांनी विशेष ध्यानात ठेवावी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो. तेंदूच्या दिवसांत बाई पहाटेपासून जंगलात. घाम धो धो वाहतो, आणि पाणी कमी प्यायलं जातं, कारण आडोसा कुठे मिळेल याची धास्ती. शरीरातलं पाणी आटलं की मूत्रपिंडाला मुळातच रक्त कमी मिळतं. त्यात वरून ही गोळी! मूत्रपिंडाला तग धरायला जो आधार असतो, तोच ती काढून घेते. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यातही लघवी वाढवणारी गोळी आहे, त्यांना हा धोका आणखी मोठा. मधुमेह असेल, वय साठीपुढे असेल, तरीही तेच.

शहरातल्या मैत्रिणींनी हसू नये. गौरी-गणपतीत, लग्नघरात, लांबच्या प्रवासात आपणही ‘नको बाई, पुन्हा जायला लागेल’ म्हणून पाणी पीत नाही आणि कंबर धरली म्हणून गोळी मात्र घेतो.

पोटाचं रक्त आणि अंगातलं रक्त

पोटात जळजळ होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कधी कधी काहीही न जळता जठरातून थेंब थेंब रक्त झिरपत राहतं. बाईच्या अंगात आधीच रक्त कमी. पाळी, बाळंतपणं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण. त्यात हा गळका नळ! मग दम लागतो, पायात गोळे येतात, अंग दुखतं. आणि अंग दुखतं म्हणून ती आणखी एक गोळी घेते.

शी डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची झाली, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर गोळी तिथेच बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळसर होते. पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका आली तर डॉक्टरांना दोन्ही गोळ्या दाखवा.

पोटात व्रण होऊन गेला असेल किंवा वय जास्त असेल, आणि तरी गोळी घ्यावीच लागत असेल, तर डॉक्टर सोबत आम्ल कमी करणारी, ओमेप्रॅझोलसारखी गोळी सकाळी नाश्त्याआधी देतात. ती विचारून घ्या. आणि मोहाची असो की बाटलीतली, दारू आणि ही गोळी यांची गाठ कधीच पडू देऊ नका. हे घरच्या पुरुषांनाही सांगा.

हृदयाचंही ऐकून ठेवा. याच कुळातलं रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली जगाच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं. डायक्लोफिनॅकबद्दलही युरोपात २०१३ पासून असा इशारा आहे की ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला, त्यांनी ते घेऊ नये.

‘सुई लावून द्या’

गोळीपेक्षा सुई बरी, ती पोटात जात नाही, असा एक समज घट्ट बसलेला आहे. तो चुकीचा आहे. सुईतलं औषधही रक्तातच जातं, आणि रक्तातूनच जठराच्या अस्तरावरची पाखर काढून घेतं. शिवाय सुई चुकीच्या जागी बसली तर कुल्ल्यात गळू होतं, पायाची नस दुखावते. जुनाट कंबरदुखीला दर आठवड्याला सुई हा उपचार नव्हे.

त्याहून घातक ती पुडी. कुणी कागदात बांधून तीन रंगांच्या गोळ्या देतो, कुणी ‘जडीबुटी’ म्हणून भुकटी. दुसऱ्या दिवशी बाई हरणीसारखी चालू लागते. असा झटपट गुण आला की मनात शंका यायला हवी, कारण अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन् महिने ते पोटात गेलं की तोंड सुजल्यासारखं होतं, साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणजे ज्या मणक्यासाठी पुडी घेतली, तोच मणका पोखरला जातो. ज्या औषधाचं नाव कळत नाही, ते घ्यायचं नाही, एवढा नियम घरात घालून द्या. आणि कंबरेवर डाग देऊन घेणं तर नकोच. जखम वाढते, दुखणं तिथेच राहतं.

प्रत्येक कंबरदुखी कंबरेची नसते

गडचिरोली भागात हे फार महत्त्वाचं आहे. हा जिल्हा हिवतापाचा. हिवतापात आधी अंग आणि कंबर फुटते, मग ताप भरतो. आपल्या गोळीने तापही उतरतो आणि ठणकाही. वाटतं, बरं झालं! आतला हिवताप मात्र वाढत राहतो. तेव्हा कंबरदुखीबरोबर अंगात कणकण असेल तर आधी रक्त तपासा. डेंग्यूची साथ असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मुळीच नको. रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरा सिकलसेल. या जंगलपट्ट्यात तो बऱ्याच घरांत आहे. त्याच्या हाडदुखीला ‘कंबर भरली’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या मुली असतात. सिकलसेलने मूत्रपिंडं आधीच नाजूक होतात. एकदा रक्त तपासून घेतलेलं बरं.

तिसरी गोष्ट आपण कुजबुजत बोलतो. पांढरं जाणं आणि कंबरदुखी. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला आणि जगभर गाजला. शंभरातल्या ९२ बायांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त आठ. कंबरेबरोबर ओटीपोट दुखत असेल, पांढऱ्याला वास असेल, पाळीचं काही बिनसलं असेल, तर ते दुखणं मणक्याचं नसून गर्भाशयाच्या बाजूचं असू शकतं. त्याला गोळी नव्हे, तपासणी हवी. लाजून बसू नका.

आणि पुढच्या खुणा दिसल्या तर घरगुती काहीही न करता तडक दवाखान्यात जायचं: लघवी अडली किंवा कळत नकळत होऊ लागली, जांघेत, बसण्याच्या जागेत बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बारीक ताप आणि वजन उतरणं (मणक्याचा क्षय असा येतो), पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेली जोराची कंबरदुखी.

मुलचेऱ्याकडच्या बायांसाठी अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे, गडचिरोलीला जिल्हा रुग्णालय आहे. बंग दांपत्याची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून या जिल्ह्यात काम करते आहे. तिच्या शोधग्रामातल्या मा दंतेश्वरी दवाखान्यात मुंबईचे मणकातज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ-कंबरेच्या रुग्णांसाठी तपासणीची आणि शस्त्रक्रियेची शिबिरं घेतली आहेत. शस्त्रक्रिया मात्र फारच थोड्यांना लागते, हे मनात पक्कं असू द्या.

‘गॅप’ आली म्हणजे?

फोटो काढला की डॉक्टर म्हणतात, ‘मणक्यात गॅप आहे,’ आणि बाई जन्माची घाबरते. तर ऐका. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही, अशा माणसांचे फोटो काढून पाहिलेले आहेत. विशीतल्या शंभर बिनदुखणेकऱ्यांत सुमारे ३७ जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, पन्नाशीत ८० जणांच्या, ऐंशीत ९६ जणांच्या. डोक्यावर पांढरे केस यावेत, तशी ही झीज. ती आहे म्हणून वाकूच नका, उचलूच नका, असं नसतं. उलट भीतीने अंग आखडून घेतलं की स्नायू कमजोर होतात आणि दुखणं मुक्कामाला राहतं.

मग करायचं काय?

पहिलं, चालणं. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबर दुखून नुकत्याच बऱ्या झालेल्या या माणसांतल्या एका गटाला हळूहळू वाढवत नेमाने चालायला शिकवलं. त्यांची कंबर पुन्हा धरायला सरासरी २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांची ११२ दिवसांतच धरली. शहरातल्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास.

‘आम्ही तर दिवसभर चालतोच की!’ असं मुलचेऱ्याची बाई म्हणेल. अगदी खरं. पण डोक्यावर मोळी घेऊन चालणं हे कष्ट, आणि मोकळं चालणं हा व्यायाम. कष्टात कंबर एकाच बाजूला, पुढे, हजार वेळा वाकते. म्हणून तिला उलट्या बाजूचा विसावा द्यायचा. रोवणीत, निंदणात, मोह वेचताना दर अर्ध्या तासाने सरळ उभं राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवा आणि सावकाश मागे झुका. पाच वेळा. ओळीतल्या साऱ्या जणींनी मिळून केलं तर कुणी कुणाला हसणार नाही. पुडे बांधताना दोन्ही पाय एकाच बाजूला मुडपून तासन् तास बसू नका. पाटावर बसा, पाठ झाडाला किंवा भिंतीला टेकवा. एक भरलेला मोठा गुंड आणण्यापेक्षा दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या दोन लहान कळश्या बऱ्या. मोळी दोन खेपांत आणा. जड वस्तू उचलताना गुडघे वाकवा आणि ती वस्तू पोटाजवळ धरा. आणि घरात धडधाकट मुलगा, दीर, नवरा असताना पाणी एकट्या बाईनेच का भरायचं, हाही कंबरदुखीवरचा एक उपायच आहे.

रात्री झोपण्याआधी सतरंजीवर तीन व्यायाम. उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा. मग गुडघे वाकवून, पावलं टेकवून कुल्ले उचलायचे, पाच आकडे मोजायचे आणि खाली. मग रांगत्या बाळासारखं चौपायी होऊन पाठ मांजरीसारखी वर फुगवायची, खाली सोडायची. प्रत्येकी दहा वेळा. सहा-आठ आठवडे नेमाने केल्याशिवाय फळ विचारू नका. झोळीसारखी खोल गेलेली खाट असेल तर ती सरळ करून घ्या किंवा जमिनीवर गोधडी घाला.

शेक हा आजीबाईचा उपाय चांगलाच आहे. मीठ किंवा वाळू तव्यावर गरम करून पुरचुंडी बांधा, हाताच्या मनगटावर चटका पाहून मग कंबरेला लावा. मोहाच्या बियांचं असो की तिळाचं, तेलाने चोळून घ्यायला हरकत नाही. मात्र मणके ‘बसवून’ देणाऱ्याकडून पाठीत गुडघा घालून घेऊ नका.

गोळी घ्यायचीच झाली तर

हे एवढं कापून फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

• डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना दुकानदाराने द्यायच्याच नसतात. एकदा तरी डॉक्टरांना विचारा, आणि आपल्या बाकीच्या गोळ्या सांगा.

• भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर. गोळी फोडून, चावून नको.

• कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. दुखणं उसळेल तेव्हा चार-पाच दिवस, मग बंद. आठवड्यापलीकडे लागली तर पुन्हा डॉक्टर.

• दोन नावांच्या दोन पट्ट्या म्हणजे पुष्कळदा एकच औषध. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. कंबरेची आणि पाळीची गोळी एकाच दिवशी नको.

• गोळी घेतली त्या दिवशी कालनिर्णयावर टिंब करा. महिन्याअखेरीस टिंबं मोजा. दहाच्या वर गेली तर दुखणं गोळीच्या हाताबाहेरचं आहे, असं समजून तपासणीला जा.

• पोटुशी बाईने, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे, ही गोळी आपल्या मनाने घ्यायचीच नाही. बाळाच्या मूत्रपिंडावर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होतो. अंगावर पाजणारीने विचारून.

• जुलाब, उलट्या, ऊन लागणं यांत गोळी बंद. लघवी कमी झाली, पायावर, डोळ्यांखाली सूज आली तर दवाखाना.

• मोठ्यांची पट्टी मुलांना नाही. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे.

• चोळायचं मलम पोटाला गोळीइतकं जाचत नाही. गुडघ्याला त्याचा उपयोग होतो. कंबरेला मात्र तेवढ्या भरवशाने सांगता येत नाही.

आणखी एकच. कंबर दुखते असं घरात बाई म्हणाली की तिला ‘गोळी घे’ म्हणून सांगणं सगळ्यात सोपं असतं. त्यात कुणाला उठावं लागत नाही, पाण्याचा गुंड उचलावा लागत नाही, तिच्याबरोबर दवाखान्यात जावं लागत नाही. येत्या रोवणीत, नाहीतर येत्या सणात, तुमच्या घरातली कुणी कंबरेला हात लावून उभी राहिली, तर आधी तिच्या हातातलं ओझं घ्या. मग विचारा, ‘किती दिवस दुखतंय?’ उत्तर ‘तीन महिने झाले’ असं आलं, तर पट्टी ठेवा बाजूला आणि तिला घेऊन दवाखान्याची वाट धरा.